उजवा कोणाचा?

आमच्या फाउंड्रीत दोन शब्दांना बंदी आहे: उजवा आणि डावा. कुणाच्या तोंडून निसटलाच तर बाकीचे मोठ्याने खोकतात. बंदी मी घातली. का घातली ते बाहेरून येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून मला वीट आलाय. म्हणून एकदाच लिहून टाकते.

फाउंड्री डिचोलीची. सासऱ्यांनी ती उभारली खाणींच्या जिवावर. खनिज फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे, माती उकरणाऱ्या बादल्यांचे दात, असला माल. दात दगडाला लागले की झिजणार आणि झिजले की लोक आमच्याकडे येणार, इतकं ते सरळ होतं. मग खाणी बंद पडल्या. रस्त्यावरचे ट्रक गेले, त्यांच्या मागून आमचं गिऱ्हाईकही गेलं. नवरा पणजीला सरकारी नोकरीत, त्याला भट्टीची धग कधीच सोसली नाही. उरलो मी आणि माझा धाकटा दीर. तो गोड बोलून काम आणतो, मी ते निस्तरते. पंपांची कवचं, झडपा अशी कामं आम्ही धरली, पण तेवढ्यावर एवढी भट्टी चालत नाही. वाळूचे साचे करणारे आमचे दोन चांगले मोल्डर मोपाच्या विमानतळावर भरती आहे का याची चौकशी करू लागले होते. गार हवेत ट्रॉल्या ढकलायच्या, नाकात वाळू जात नाही, वर युनिफॉर्म. मी त्यांना कोणत्या तोंडाने थांबा म्हणणार होते?

अशात एका शिपयार्डचं काम आलं. दोन पंखे असलेल्या बोटीचे ब्रॅकेट. पंखा फिरवणारा लांब दांडा बोटीच्या बुडाखालून जातो, त्याला धरून ठेवणारा पोलादाचा हात म्हणजे ब्रॅकेट. वरचा पाय बोटीच्या बुडाला जोडतात, खाली जाड कडं असतं आणि त्यातून दांडा जातो. कड्याचं पुढचं तोंड पाणी कापायला निमुळतं. शिवाय एका बाजूला बाहेर आलेला कान, त्याला आणखी एक आधार जोडायचा. पंखे दोन म्हणून ब्रॅकेट दोन, एकाचा कान उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे, चपलांच्या जोडासारखे. शिपयार्डच्या इंजिनिअरने स्पष्टच सांगितलं होतं: ही जोडी तपासणीत उतरली तर पुढच्या बोटींचं सगळं काम तुमचं, नाही तर दुसरी फाउंड्री बघू. आणि जोडी चवथीआधी हवी, कारण गणपती गेले की बोट पाण्यात उतरवायची.

थोडक्यात, हे जमलं तर भट्टी चालणार आणि फसलं तर विझणार. दिराला हे इतकं पटलं की तो आधी देवळात जाऊन कौल लावून आला. आमच्याकडे मूर्तीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार. उजवी म्हणजे देवाची उजवी, समोर हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाची नव्हे. हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि गोंधळ नेमका तिथूनच सुरू झाला.

"वयनी, देवानं उजवा दिला!" दीर प्रसाद घेऊन आला.

"छान. आता देवाला सांग, वाळूपण तोच चाळून दे," मी म्हणाले.

ओतकाम करायचं तर आधी वस्तूचा लाकडी नमुना लागतो, पॅटर्न. तो वाळूत दाबून काढला की मागे पोकळी राहते, तिच्यात वितळलेलं पोलाद ओततात. आमचे पॅटर्न पेडण्याकडचा एक मेस्त करतो. हाडाचा सुतार, पालख्या आणि मखरं करणाऱ्या घरातला. दोन ब्रॅकेटसाठी दोन पॅटर्न करण्याऐवजी त्याने एकच केला, कान सुटा ठेवला आणि तो बसवायला दोन्ही बाजूंना एकेक खाच केली. कान या बाजूला बसवला की उजवा ब्रॅकेट, त्या बाजूला बसवला की डावा. युक्ती चांगली होती. त्याने पॅटर्न पायावर उभा केला, कडं वर, निमुळतं तोंड आपल्याकडे, आणि पहिल्या साच्यासाठी कान स्वतःच्या हाताने लावून दिला. "हो उजवो," म्हणाला, आणि मखरांची कामं पडलीत म्हणून घरी निघून गेला. चवथीच्या तोंडावर आमच्या भागात सुताराला थांबवून ठेवणं मुख्यमंत्र्यांनाही जमणार नाही.

दुसरा साचा फोरमनने केला. हा दोडामार्गकडचा, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा, भट्टीचा आवाज ऐकून पोलाद तयार झालं की नाही सांगणारा. त्याला डावा करायचा होता. तो पॅटर्नसमोर उभा राहिला, डाव्या हाताला कान लावला आणि साचा उठवला. ड्रॉइंग समोरच्या भिंतीवर लावलेलं होतं, प्लॅस्टिकमध्ये, सगळ्यांना दिसेल असं. ते कोणीही पाहिलं नाही.

ओतलं, थंड केलं, साचे फोडले, घासलं, पुन्हा भाजलं. एक्स-रे काढले, पोटात एकही भोक नाही. मापं घेतली, एकूण एक बरोबर. बरोबर येणारच होती, कान कुठल्याही बाजूला असला तरी माप तेवढंच भरतं. मी खूश होते, जे माझ्या बाबतीत कमी वेळा घडतं.

शिपयार्डला पाठवायला फोटो हवा म्हणून दिराने दोन्ही ब्रॅकेट अंगणात शेजारी शेजारी उभे केले, हार घातले, कुंकू लावलं, पुढे नारळ फोडला. मी मोबाईल समोर धरला आणि मला जोड दिसेना. दोन्ही कान एकाच बाजूला. एकाच पायाच्या दोन चपला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

फोरमन गेला, एका ब्रॅकेटच्या कानाला हात लावून आला, मग दुसऱ्याच्या, जणू हात लावल्याने एखादा सरकेल.

मेस्ताला पेडण्याहून बोलावून घेतलं. तो आला तो तावातावानेच, हातावरचा सोनेरी कागदाचा डिंकही धुतला नव्हता.

"हांवें उजवो लायिल्लो," तो म्हणाला. "तुज्या फोरमनाक विचार."

"मियां डावोच लावलंय," फोरमन म्हणाला. "हय उभो रवान बघ. हो माजो डावो हात, हय कान."

"तो तुजो दावो रे! ताचो उजवो!"

"ताचो म्हणजे कोणाचो?"

"ताका तोंड आसा मरे? तोंड आसा म्हणल्यार उजवो-दावो ताचो. देवळात कौल घेता तेन्ना तुजो उजवो धरता?"

"देवळात देव असता! ह्यो लोखंडाचो तुकडो!"

"लोखंडाचो तुकडो? मागीर ताका हार कित्याक घातलो? नाल्ल कित्याक फोडलो?"

फोरमनने खाली बघितलं. नारळाचं पाणी अजून फरशीवर होतं. मागून एक मोल्डर हळूच म्हणाला, "देवान उजवो दिल्लोच, आमी दोन घेतले," आणि सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांसमोर विझलेली भट्टी होती.

दिराने मला बाजूला घेतलं. "वयनी, आयकून घे. एकाचा कान कापू, दुसऱ्या बाजूला वेल्ड करू, घासून रंग मारू. कोणाला कळणार?"

"पाण्याखाली दांडा दिवसरात्र थरथरणार. वेल्ड सुटला की बोटीवरच्यांना कळेल," मी म्हणाले. "ओतीव म्हणून सांगितलंय, ओतीवच द्यायचं."

"मग काम गेलं असं समज. निदान सांगायच्या आधी कौल लावून विचारूया, सांगू की नको."

"तुझ्या कौलामुळेच इथवर आलोय. फोन दे."

इंजिनिअरला मी सांगितलं: चूक झाली, दोन्ही उजवे झालेत, डावा पुन्हा ओतून देते. मग त्याने विचारलं, "उजवे म्हणजे कुठून बघून उजवे, मॅडम?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आता हाही! पण त्याचा प्रश्न बरोबर होता. बोटीवर उजवं म्हणजे बोटीत उभं राहून तिच्या पुढच्या टोकाकडे तोंड केलं की उजव्या हाताला येतं ते, तो म्हणाला. बोटीचं स्वतःचं उजवं. बघणारा कुठेही असो.

फोन स्पीकरवर होता. मेस्ताने मांडीवर थाप मारली. "आयकलें? बोटीचोय उजवो बोटीचो! देवासारको!"

"फोटो पाठवा," इंजिनिअर म्हणाला. पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "मॅडम, हे तुम्ही डोक्यावर उभे केलेत. पाय वर असतो, कडं खाली लटकतं. बोटीत असतं तसं टांगून बघा."

टांगले. साखळीच्या क्रेनने एक ब्रॅकेट उलटा उचलला, हार कड्यावरून घसरून खाली पडला, आणि ब्रॅकेट हलत हलत स्थिर झाला. तोंड अजून आमच्याकडेच. कान मात्र आता आमच्या दुसऱ्या हाताला होता. मेस्त मान वाकडी करून बघू लागला, मग फोरमनही. दोघं शेजारी शेजारी, एकाच बाजूला माना कलवून.

दोन्ही डावे होते.

"देवाक उरफाटो कोणें उबो केलो?" मेस्त पुटपुटला.

"तूच," फोरमन म्हणाला. जवळजवळ प्रेमाने म्हणाला.

मला पुन्हा फोन करून सांगावं लागलं की दोन उजवे नाहीत, दोन डावे आहेत, आणि कमी आहे तो उजवा. इतका लाजिरवाणा फोन मी आयुष्यात केला नाही. "आता तरी नक्की?" इंजिनिअरने विचारलं. मी म्हणाले, टांगलेला आहे समोर, येऊन बघा. तो म्हणाला, चवथीआधी उजवा पोचला तर बघू, नाही पोचला तर पॅटर्नचे पैसे आम्ही दिलेत, तो शिपयार्डला पाठवून द्या. पॅटर्न गेला म्हणजे कामही गेलं.

मी दोन डबे रंग आणवले. बोटीला डावीकडे तांबडा दिवा असतो, उजवीकडे हिरवा, एवढं मला माहीत होतं. ड्रॉइंग भिंतीवरून काढलं, पॅटर्न टांगला, टांगूनच एका बाजूची खाच तांबडी रंगवली, दुसरी हिरवी. मग सगळ्यांना गोळा केलं. "यापुढे हिरवा किंवा तांबडा. ते दुसरे दोन शब्द देवळात वापरा, इथे नाही."

"आणि पाववाल्या पोदेराकडे?" फोरमनने विचारलं. "उजव्या हाताक असा त्याचा दुकान."

"तिथे उपाशी राहा."

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. मोल्डरांना घरच्या गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची होती, घर रंगवायचं होतं, बाजार करायचा होता. गोव्यात चवथीच्या आधी माणसाकडून ओव्हरटाइम मागणं म्हणजे त्याच्या गणपतीवर दावा लावणं. मी भांडले, गयावया केली, एकाच्या बायकोला फोन केला. वीज दोनदा गेली, एकदा नेमकं पोलाद तापत आलेलं असताना. मेस्त मखरं टाकून आला, याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. कान हिरव्या खाचेत बसवताना तो माझ्याकडे बघून हसला. मी हसण्यासारखं काही दिसत नाही असा चेहरा केला.

दिराला ओतायच्या आधी पुन्हा नारळ फोडायचा होता. "फोड," मी म्हणाले, "पण भट्टीसमोर. ब्रॅकेटसमोर नको. त्याला पुन्हा तोंड फुटायला नको."

ब्रॅकेट वेळेत निघाला. इंजिनिअर स्वतः घ्यायला आला. कागद बाजूला ठेवून आधी दोन्ही टांगायला लावले, त्यांच्यामध्ये उभा राहिला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, मग एक्स-रे मागितले. शाबासकी वगैरे काही नाही. जाताना एवढंच म्हणाला, "पुढच्या बोटीचं ड्रॉइंग चवथीनंतर पाठवतो. पॅटर्न इथेच राहू दे. आणि मॅडम, सुरुवात कुठल्यापासून करणार?"

"हिरव्यापासून," मी म्हणाले.

त्या दोन मोल्डरांपैकी एक तरीही विमानतळावर गेला. दुसरा राहिला. काम आलं म्हणून राहिला की त्याची भरती झाली नाही म्हणून, ते मी विचारलं नाही.

उरलेला जादा ब्रॅकेट कापून पुढच्या ओतकामात घालायचा ठरला. चांगलं पोलाद, टाकून कोण देतो? मेस्ताने आधी त्याच्यावरचं कुंकू पुसलं, दिराने त्याच्या तोंडाला फडकं गुंडाळलं. मी ते फडकं काढून टाकलं, त्याने पेट घेतला असता. फोरमनने गॅस पेटवला, चष्मा लावला आणि वळून मला विचारलं, "बाय, खयच्या बाजून कापूक घेऊ? उजव्या..."

सगळे एकदम खोकले.