वानखेडे सरांच्या डोक्यातलं

सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांना बाकी काही मिळो न मिळो, किस्से न मागता मिळतात. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार, आणि स्वतःच्या चुका सांगायला चहा!

आमचं ऑफिस सिविक सेंटरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. ट्रकचं वजन करणाऱ्या काट्याचं सॉफ्टवेअर आम्ही तपासतो. तिघांची टीम: मी, नवा प्रीतम आणि सगळ्यांत जुने वानखेडे सर. सर महिन्याभरात रिटायर होऊन नागपूरला मुलीकडे चालले होते. साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, सर जायच्या आत त्यांच्या डोक्यातलं सगळं काढून घे, त्यांच्या मागे काटा बंद पडला तर जबाबदारी तुझी. मी त्याच दिवशी हँडओव्हरची यादी करायला घेतली.

*

तसे सर हातचं राखून ठेवणारे नव्हते. काहीही विचारा, चष्मा वर सरकवायचे आणि म्हणायचे, "तसं लिवून ठेवलं हाय म्या. पन राहू दे, सांगतो तुले." मग दहा मिनिटं नीट समजावायचे. पहिलं वाक्य आम्ही मनावरच घेत नव्हतो. काही लोक बोलायच्या आधी खाकरतात, तसं सरांचं हे, असं आम्ही धरून चाललो होतो.

*

साहेबांनी फर्मान काढलं: दर शुक्रवारी प्रत्येकानं आपल्याला माहीत असलेली एक गोष्ट बाकीच्यांना सांगायची. पहिल्या शुक्रवारी मी बोलले. दुसऱ्या शुक्रवारी प्रीतमनं खालच्या दुकानात गरम समोसे किती वाजता निघतात ते सांगितलं, आणि खरं सांगते, तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तिसऱ्या शुक्रवारी मीटिंग रद्द! मीटिंगरूमची किल्ली कुठे असते हे ज्या शिपायाला माहीत होतं, तो रजेवर होता.

*

कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर चिकटवलेला कागद: 'कृपया बंद करू नये'. आम्ही इतकी वर्षं त्याला हात लावला नाही. वीज गेली की आधी त्याच्याकडे धावायचं, धूळसुद्धा लांबून झटकायची. हँडओव्हरच्या यादीत मी तो पहिल्या नंबरवर घातला आणि सरांना विचारलं, यावर नक्की काय चालतं?

"काईच नाई," सर म्हणाले. "तो कागद फ्रीजचा होता. कोनाच्या तरी वाढदिवसाचं आइस्क्रीम होतं आत. खाली पडला, तर झाडूवालीनं उचलून इथं लावला."

मी तिथल्या तिथे बटन दाबलं. काही झालं नाही. तेच जास्त लागलं मनाला.

*

प्रीतमला त्याच्या आयुष्यातली पहिली मोठी चूक सापडली. उड्या मारत साहेबांकडे गेला, शाबासकी घेऊन आला. नोंद करायला बसला, तर तीच चूक आधीच नोंदलेली निघाली. दोन वर्षांपूर्वी. नोंदणारी मी, आणि 'हे असंच असतं' असं लिहून बंद करणारीही मीच!

प्रीतम हिंदीत एवढंच म्हणाला, "मॅडम, आप तो लेजेंड हो." त्या दिवशी मी डबा एकटीनं खाल्ला.

*

मग सर असतानाच अहिवाऱ्याला गेलो, चुनखडीच्या गाड्या तोलतात तिथे. आम्ही ऑफिसात नेहमी आधी रिकामी गाडी तोलायचो, मग भरलेली. तिथे गाड्या भरून येतात आणि रिकाम्या होऊन जातात. म्हणजे आधी भरलेली, मग रिकामी. पावतीवर माल आला उणे बारा टन! मी पावती तीनदा उलटसुलट करून पाहिली.

काट्यावरचे बाबू मात्र शांत. वर्षभर ते पेनानं उण्याची रेघ खोडत होते. मी विचारलं, सांगितलं का नाही? तर म्हणाले, "हमने सोचा, कंप्यूटर में ऐसा ही होता होगा."

परत येताना सर गाडीत पुटपुटले, "लिवून ठेवलं होतं म्या." मी खिडकीबाहेर बघत होते.

*

निरोपाच्या दिवशी आम्ही समोसे मागवले. सर प्लेटकडे बघून हसले आणि म्हणाले, "हे तं मी द्याले पायजे होते." आम्हाला वाटलं, भिडस्त माणूस आहे.

दुसऱ्याच दिवशी अहिवाऱ्याचा काटा अडकला. गेटबाहेर ट्रकची रांग, साहेब माझ्या टेबलाशी उभे, सर रेल्वेत आणि त्यांचा फोन बंद. मला रडूच येणार होतं. तेवढ्यात प्रीतम हळूच म्हणाला, "मॅडम, वो बोलते थे ना, लिखा है... कहीं सच में लिखा हो तो?"

ज्या प्रोग्रॅममध्ये आम्ही रोज चुका नोंदवतो, त्यातच एक 'नोट्स' नावाचं बटन आहे. रिकामं असेल म्हणून कोणी कधी दाबलं नव्हतं. मी दाबलं. आणि गारच पडले. पानांवर पानं! फ्रीजचा कागद, मीटिंगरूमची किल्ली, माझी ती बंद केलेली चूक, सगळं नावानिशी. अहिवाऱ्याचं वेगळं पान होतं. त्यातल्या तीन ओळी मी फोनवर बाबूंना वाचून दाखवल्या आणि काटा चालू झाला. साहेब 'गुड' म्हणून निघून गेले.

मी ते पान पुन्हा वरून वाचायला घेतलं. पानाच्या कोपऱ्यात लिहून आलं होतं, 'वाचले: एक'. ती मीच, आत्ताची. आणि खाली, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेल्या सरांच्या ओळी:

"हे पान जो पयले वाचन, त्यानं मले सांगावं. समोसा माह्याकडून."

"समोसा अजून बाकी हाय."

"आता दोन."

शेवटची ओळ कालची होती, निरोप समारंभानंतरची.

"चार. मी नागपूरले राहीन, तरी देईन."