वहिनींच्या तारखेची नोट

"थांबा भाऊ, आधी हिचं नाव-गाव बघू द्या," असं साहेब म्हणायचे आणि नोट बल्बासमोर धरायचे. चक्कीवर रांग लागलीय, पीठ उडतंय, आणि साहेब आपले नोटेचा नंबर मोठ्यानं वाचतायत, आरती म्हणावी तसा.

इकडे हिंदी मुलखात, माधवनगरात माझी पिठाची चक्की. ते बँकेतले रिटायर कॅशियर, नोकरीसाठी महाराष्ट्रातून आले ते इथलेच झाले. मी चौथी फेल आहे, पण कुणाकडून शिकून घेत नाही. त्यांना मात्र शिकवायची भारी हौस.

"सुरुवातीचे आकडे-अक्षरं म्हणजे नोटेचं घराणं, भाऊ. पुढचे सहा आकडे तिचे स्वतःचे."

"आणि हे आकडे लहानाचे मोठे का होत जातात?"

"नकली छापणाऱ्याला त्रास व्हावा म्हणून."

"मला वाटलं, छापणाऱ्याचा चष्मा हरवला."

मग मोबाईलवर मेसेज फिरला, नंबरात तारा असलेली नोट नकली. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला ताऱ्याचीच नोट दिली. मी परत केली.

"अहो, छापताना एखादी नोट खराब निघाली, की तिच्या जागी ही घालतात. बदलीची आहे, ओळखू यावी म्हणून तारा."

"बदलीची ना? मग अस्सल कशी?"

रागानं गहू उचलून ते दुसऱ्या चक्कीवर गेले. पुढच्या खेपेला परत हजर. म्हणाले, "त्याचं पीठ जाडं निघतं. आणि तो वादसुद्धा घालत नाही."

तेवढ्यात साहेबांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची, पंचाहत्तरी आली. वहिनी त्यांना म्हणाल्या होत्या, "जन्मभर लोकांच्या नोटा मोजल्यात, माझ्यासाठी एक वेगळी काढून ठेवली नाहीत." हे साहेबांना लागलं. वहिनींचा जन्म एक जुलै, पन्नास साल. शून्य एक, शून्य सात, पाच शून्य, अशा नंबराची नोट त्यांना हवी होती. रोज येऊन स्टुलावर बसायचे आणि माझा गल्ला उपसायचे. लोक विचारायचे, "क्यों दादा, छापा पड़ गया क्या?"

तीस जून उजाडला तरी नोट नाही. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मग एक जुलैला सकाळी माझ्याच गल्ल्यातून पन्नासची एक मळकी नोट निघाली. नंबर तोच! साहेबांनी ती बल्बासमोर धरली. मी वाकून बघितलं तर मध्ये तारा.

"साहेब, पंचाहत्तरीला वहिनींना नकली नोट देणार?"

त्यांनी ऐकलंच नाही. दुसरी पन्नासची माझ्या हातात कोंबली आणि पिठाचा डबा तिथंच टाकून पळत सुटले. डबा घेऊन मी मागे.

वहिनींनी नोट बघितली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अहो, ही तर शाळेच्या मास्तरांची तारीख! शाळेत नाव घालताना आईला तारीख सांगता येईना, म्हणून त्यांनी अर्ध्या वर्गाला एक जुलै लावून दिली. मी थंडीतली. कुठली तारीख, देव जाणे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही एक जुलैला जिलबी आणायचात. कशाला बंद पाडू?"

साहेबांनी नोट परत मागून घेतली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण नोटेकडे बघता बघता त्यांचा चेहरा फुलला.

"अगं, मग हीच बरोबर! खरी तारीख हरवली, तिच्या जागी मास्तरांनी बदलीची घातली. हा बघ, तारासुद्धा आहे!"

वहिनींनी नोट देव्हाऱ्यात ठेवली. मी म्हटलं, "तरी नकलीच." तरीही मला जिलबी मिळाली.

साहेब गेले त्याला आता काही महिने झाले. परवा वहिनी पहिल्यांदा एकट्या दळण घेऊन आल्या. त्यांनी नोट पुढे केली, आणि माझा हात आपसूक बल्बाकडे गेला. मी नंबर वाचला, मोठ्यानं. रांगेतली माणसं बघत राहिली.

"तारा आहे का हो?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"असता तर?"

"घेतली नसती. साहेब आले असते भांडायला."

वहिनी हसल्या. पिशवी चाळून त्यांनी दुसरी नोट काढली आणि म्हणाल्या, "मग ही बघा बरं."