निळी दारं आणि आबांचं घोंगडं

दोन हजार सालच्या आसपास मी रोज सकाळच्या एसटीनं शिरूरहून पुण्याला जायचो, उंदरांना पोहायला सोडायला. हसू नका, नोकरीच तशी होती. प्रयोगशाळेत एक गोल टाकी होती. तिच्यात दुधाची पावडर कालवलेलं पांढरं पाणी आणि पाण्याखाली लपवलेला छोटा चौथरा. उंदरानं पोहत तो शोधायचा, मी स्टॉपवॉच दाबायचं. काही उंदरांना लहानपणी विषाणूची लागण करून बरं होऊ दिलेलं. म्हातारपणी ते इतरांपेक्षा जास्त विसरतात का, हे आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना बघायचं होतं.

मला वेगळीच धास्ती. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तरुणपणी मेंढरांमागे हिंडताना मेंदूज्वर झाला होता. आई गेल्यावर यवतजवळचं घर बंद करून मी त्यांना शिरूरच्या चाळीत आणलं, तर पंधरा दिवसांत तीनदा ते आपलंच घर समजून शेजारच्या चाचींकडे जाऊन बसले.

"तुमचे आबा आज परत आमचे झाले," चाची म्हणायच्या. "चहा झालाय त्यांचा."

मी वरवर हसायचो. मग लॅबचं स्टॉपवॉच खिशातून घरी येऊ लागलं. आबांना कोपऱ्यावर तंबाखूला धाडायचं आणि दारामागं येरझाऱ्या घालत सेकंद मोजायचे.

"आरं, कालची पुडी हाय की अजून!"

"असू द्या आबा, आणखी एक आणा."

पुड्यांचा ढीग झाला. परतताना आबा चाचींच्याच दारात.

एक दिवस लॅबमध्ये रंगकाम निघालं. रंगाऱ्यांनी भिंतीवरचे मोठाले काळे त्रिकोण आणि गोल उतरवून ठेवले. त्या दिवशी तरणे, धडधाकट उंदीरसुद्धा नुसते गरगर फिरत राहिले.

मॅडम कडाडल्या, "त्या खुणा बघूनच ते वाट काढतात! त्याच काढल्यात, आता काय करतील बिचारे?"

ओला उंदीर हातात घेऊन मी तसाच उभा. आमच्या चाळीत बारा दारं, बाराही निळी!

त्याच संध्याकाळी मी आबांचं काळं घोंगडं दाराबाहेर टांगलं आणि त्यांना तंबाखूला पिटाळलं. आबा आले. चाचींचं दार ओलांडून थेट आमच्यापुढं थांबले. मी नाचायचाच बाकी होतो.

"हे हितं कुणी टांगलं? चोरीला जायचं की!" म्हणत त्यांनी घोंगडं उतरवलं, बगलेत मारलं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचींचा चहा.

मग मी ते चार खिळ्यांनी ठोकलं.

लॅबमध्ये खुणा परत लागल्या. तरणे उंदीर सुधारले. लागण झालेले म्हातारे मात्र घुटमळतच होते. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

आबा त्यानंतर एकदाही दार चुकले नाहीत. रोज घोंगड्यापाशी थांबायचे, खिळ्यांवरून बोट फिरवायचे आणि ओरडायचे, "माझ्या घोंगड्याला भोकं कुणी पाडली रं?"

रोज. अगदी पहिल्यांदाच दिसल्यासारखं.