मॅडमचं ‘बघते’

मोरिवलीच्या कमळाकर म्हात्रेला नोकरीत अठरा वर्षं झाली. अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात तो डिस्पॅच क्लार्क. अठरा वर्षांत तो एकच भाषा पक्की शिकला, साहेबाची. त्या भाषेत ‘बघतो’ म्हणजे ‘नाही’. जुने भगवान साहेब कुणाला तोंडावर नाही म्हणायचे नाहीत, भला माणूस! डिस्पॅचने पंखा मागितला तेव्हा त्यांनी छताकडे मान वर करून ‘बघतो’ म्हटलं आणि रिटायर होईपर्यंत बघतच राहिले.

त्यांच्या जागी बदलापूरच्या वृंदा मॅडम आल्या. कमळाकरच्या लेकीचं, रिद्धीचं लग्न ठरलं, तसा त्याने तीन दिवसांच्या रजेचा अर्ज मॅडमपुढे ठेवला. आगऱ्यांच्या घरात लग्नापेक्षा हळद मोठी. त्या दिवशी बाप मांडवात दिसला नाही तर भावकी जन्मभर ऐकवते. मॅडमनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, “बघते.”

झालं! कमळाकरचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा विचारायला जावं तर लाज वाटत होती. घरी बायकोला, वेणूला म्हणाला, “रजा नाय भेटली. हलदीला सांजच्याला येतो.” वेणू दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

हळदीच्या दिवशी गडी सकाळी नवाला टेबलावर हजर. मोरिवली कारखान्याच्या भिंतीला लागूनच, त्यामुळे मांडवातला लाऊडस्पीकर थेट त्याच्या कानात. आधी “हॅलो, चेक, चेक” झालं, मग धवलारीण गायला लागली. प्रत्येक विधीचं गाणं ठरलेलं, म्हणून आत्ता घरात काय चाललंय ते त्याला बसल्या जागी कळत होतं. चलनावर गिऱ्हाइकाच्या जागी त्याने रिद्धीचं नाव लिहिलं. डोळे भरून आले. शेजारच्याने विचारलं तर म्हणाला, रंगाचा वास झोंबतो.

दहाला मॅडम आल्या आणि दारातच थबकल्या. “म्हात्रे? तुम्ही इथे काय करताय?”

“मॅडम, तुम्ही ‘बघते’ म्हणालात ना.”

“मग बघितलं की! त्याच दिवशी मंजूर केली रजा. नोटीस बोर्डवर यादी आहे.”

सगळं ऑफिस बोर्डाकडे धावलं. यादीत पहिलंच नाव म्हात्र्यांचं. आणि ती यादी टाचण्या मारून लावली होती कुणी? खुद्द कमळाकरने! बोर्डावर कागद लावायचा, वाचायचा नाही, ही भगवान साहेबांच्या काळापासूनची रीत.

मॅडमना हसू आवरेना. मग स्पीकरवरचं गाणं कानावर पडलं तशा म्हणाल्या, “अहो, उभे काय राहिलात? निघा आधी!”

कमळाकरने डबा उचलला, दारापर्यंत गेला आणि मागे वळला. “मॅडम, संध्याकाळी हळदीला या.”

मॅडम फाइल उघडत म्हणाल्या, “बघते.” मागच्या टेबलावर दोघं तोंड दाबून हसले.

मांडवात पाऊल टाकताच वेणूने त्याच्या दोन्ही गालांना हळद फासली. सगळा किस्सा ऐकून तिने विचारलं, “मंग मॅडम येनार का?”

“बघते बोलली.”

“म्हंजे नाय.”

“नाय गो,” कमळाकर म्हणाला. “ही बाई बघते. एक पान जास्त वाढ.”