बानाबाईची बेगमी

दिवाळीचा फराळ संपत आला की पडेगावातल्या बानाबाईच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नसे. सोफ्यावर ज्वारीच्या पिठाच्या गोण्या, टीव्हीखाली गुळाची ढेप, दारामागं गुंडाळून उभी केलेली ताडपत्री आणि खिडकीत पसरलेल्या लाल मिरच्या. त्या मिरच्यांच्या ठसक्यानं आल्यागेल्याला शिंका येत. नव्या माणसाला वाटावं, या घरात लग्न निघालंय.

पण ही बेगमी घरासाठी नव्हतीच. ती होती बानाबाईचा धाकटा भाऊ सोनाजी याच्यासाठी, त्याच्या बायकालेकरांसाठी आणि त्यांच्या कळपामागं चालणाऱ्या कुत्र्यांसाठी. दिवाळी झाली की सोनाजी मेंढरं घेऊन वैजापूरच्या माळावरून खाली उतरायचा आणि दौलताबादच्या अलीकडं-पलीकडं कुणा शेतकऱ्याच्या रानात महिना-दीड महिना मुक्काम टाकायचा. मेंढरं रानात बसली की जमिनीला खत मिळतं, म्हणून शेतकरीही वाट बघत असत. पुढं सगळी थंडी उघड्यावरच काढायची. तेव्हा काय काय संपतं आणि काय काय आठवतं, हे बानाबाईला सांगावं लागत नव्हतं. तिची अर्धी हयात त्यातच गेली होती.

नवरा गेल्यावरही ती भावाच्या कळपाबरोबर चालतच राहिली. मुलगा हनुमान वसतिगृहात शिकला, वाळूजच्या कंपनीत चिकटला, त्यानं पडेगावात दोन खोल्या बांधल्या, लग्न केलं, लेक झाली. बानाबाई मात्र सणासुदीला येऊन तोंड दाखवायची आणि परत रानात. शेवटी गुडघ्यांनीच तिला थांबवलं. एका सकाळी ती बसली ती उठेना. सोनाजीनं तिला पाठंगुळीला घेऊन रस्त्यापर्यंत आणलं आणि हनुमान तिला घरी घेऊन आला. सुरुवातीला तिला घरात झोपच लागायची नाही. छत अंगावर येतंय असं वाटायचं. मग हळूहळू तिनं स्वतःला काम लावून घेतलं, आणि ते काम म्हणजे ही बेगमी.

छावणीच्या बाजारात ती काठी टेकत टेकत जायची. ताडपत्री उन्हासमोर धरून भोकं बघायची. काड्यापेट्या घेतल्या की प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावायची, कारण दवात काडी भिजली की चुलीपुढं बाईचा जीव कसा रडकुंडीला येतो, हे तिनं भोगलं होतं. लेकरांना कानटोप्या, वहिनीला सुंठ-ओवा, सोनाजीला तंबाखू. तंबाखू देताना मात्र दर वर्षी बोलणी. कुत्र्यांसाठी खरजेवर लावायचं करंजाचं तेल, जंताच्या गोळ्या आणि एका चांभाराकडून मुद्दाम करून घेतलेले खिळ्यांचे रुंद पट्टे. बिबट्या कुत्र्याची मान धरतो. पट्टा असला की त्याचा दात बसत नाही.

"आई, सोफा कुणासाठी घेतला आपण? माणसांसाठी का गोण्यांसाठी?" सून विशाखा विचारायची.

"चार दिस बसू दे गोण्यांला. त्यांला कुटं रोज रोज सोफा मिळतो," बानाबाई म्हणायची.

विशाखा हसून पुढच्या कामाला लागायची. ती अजिंठ्याची, किराणा दुकानदाराची लेक. सासूची ही धावपळ तिला कळायची नाही, पण खटकायचीही नाही. एकच गोष्ट तिला सोसत नव्हती, ती म्हणजे कुत्रं. लहानपणी बसस्टँडवर एक कुत्रं तिच्या पोटरीला चावलं होतं. त्या इंजेक्शनांची आठवण अजून अंगावर काटा आणायची. गल्लीत कुत्रं दिसलं तर ती पुढच्या गल्लीनं वळसा घालून यायची.

त्या वर्षी सोनाजी बेगमी न्यायला छोटा टेम्पो घेऊन आला. गोण्या चढल्या, ताडपत्री चढली. चहा झाला. तरी तो निघेना. उंबऱ्यात उभा राहून नुसता पागोटं सारखं करत राहिला.

"बोल की," बानाबाई म्हणाली. "पोटात ठिवून काय उबवतोस?"

"आक्का, झिपरीला आणलंय."

बानाबाई काठी न घेताच बाहेर गेली. टेम्पोत घोंगडीवर एक म्हातारी कुत्री आडवी पडली होती. करड्या केसांची, तोंड पांढरं झालेली. झिपरी. डोळे उघडायच्या आधी आई लांडग्यानं नेलेलं हे पिल्लू बानाबाईनं शेळीच्या दुधाचा बोळा चोखवून वाढवलं होतं. पुढं हीच झिपरी कळपाची पाटलीण झाली.

"मागच्या पायांत जोर ऱ्हायला नाय तिच्या," सोनाजी म्हणाला. "कळप निघाला की पाठीमागं राहती. मग रडती. औंदाची थंडी लई कडक हाय. रानात नाय काढायची ती." तो विशाखाकडं न बघता म्हणाला, "तुमची अडचण व्हईल, ठावं हाय मला."

विशाखा दाराच्या आत दोन पावलं मागं सरकली होती. बानाबाईनं तिच्याकडं पाहिलं. सासूचा चेहरा बघून विशाखाला नाही म्हणवलं नाही. "अंगणात राहू दे," ती शेवटी म्हणाली. "घरात नको."

बानाबाईनं इतक्या वर्षांत कळपाच्या कुत्र्यांसाठी काय नाही जमवलं, पण घरात राहणाऱ्या कुत्र्याला काय लागतं ते तिला ठाऊक नव्हतं. नात तनुजा कॉलेजात होती. ती आजीला उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात घेऊन गेली. तिथं कुत्र्यामांजरांचंच सामान मिळायचं. काचेमागं कुत्र्यांचे स्वेटर टांगलेले बघून बानाबाई कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. तनुजाला वाटलं, आजी हसणार. पण आजी हात लावून लोकर बघत होती.

दुकानातल्या सुदर्शननं विचारलं, "कुठली जात आहे, आजी?"

"मेंढरामागची."

त्यानं मान डोलावली, कुत्रीचं वय विचारलं, पाय कसे आहेत ते विचारलं. मग म्हाताऱ्या कुत्र्यांचं खाणं दिलं, ते कोमट पाण्यात भिजवून घालायला सांगितलं. सांधे दुखतात म्हणून खाली जाड गादी हवी, जमिनीचा गारठा लागता कामा नये, असंही म्हणाला. स्वेटर बानाबाईनं घेतला नाही. "तिच्या अंगावर देवानं दिलाय," ती म्हणाली. गादी मात्र तिनं घरीच शिवली. पोत्यात जुन्या साड्या आणि भुसा भरून.

झिपरीनं त्या गादीकडं ढुंकून पाहिलं नाही. दुकानातलं खाणं हुंगून सोडून दिलं. फाटकाच्या सळ्यांतून नाक बाहेर काढून ती रस्त्याकडं तोंड करून बसायची आणि दिवेलागणीला बारीक आवाजात विव्हळायची. बानाबाई तिच्याजवळ पायरीवर बसून भाकर-दूध कुस्करून हातानं भरवायची. "मी बी अशीच बसायची," ती एकदा विशाखाला म्हणाली. विशाखा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिला सासूचे ते पहिले महिने आठवले. तेव्हा सासू जेवत का नाही म्हणून ती रागावली होती.

आणि एका सकाळी झिपरी अंगणात नव्हती. पहाटे दूधवाला आला तेव्हा फाटक कडी न लावता नुसतं लोटलेलं राहिलं होतं.

हनुमान पहिल्या पाळीला गेला होता, तनुजा कॉलेजला. बानाबाईनं काठी उचलली आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालात?" विशाखानं विचारलं.

"कळपाकडं गेली आसंल ती. दुसरीकडं कुटं जाती?"

"आई, दौलताबाद इथं आहे का? तुम्ही चालत जाणार?"

बानाबाई फाटक उघडून रस्त्याला लागलीसुद्धा. विशाखानं आत जाऊन गॅस बंद केला, आणि स्कूटी बाहेर काढली. "बसा मागं. घट्ट धरा."

बानाबाई आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर बसली, तीही नऊवारीत, एका बाजूला पाय सोडून, काठी आडवी मांडीवर घेऊन. थंडी बोचत होती. मिटमिटा गाव मागं गेलं. दोघी रस्त्याच्या दोन्ही कडा बघत चालल्या होत्या. एखादी करडी गोणी पडलेली दिसली तरी विशाखा वेग कमी करायची. मनात नको ते यायचं, कारण रस्ता ट्रकांचा होता.

शरणापूर फाट्याच्या अलीकडं एका चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं, "एक म्हातारी कुत्री खाली नाल्यात बसलीय. कुणाला जवळ येऊ देईना."

झिपरी नाल्यातल्या सुक्या गवतात पडली होती. पंजे सोलून निघाले होते. बानाबाईनं वरून हाक मारली, तशी तिनं कान टवकारले, उठायचा प्रयत्न केला आणि मागचा भाग तसाच खाली बसला. उतार घसरणीचा होता. बानाबाईनं एक पाय खाली टाकला आणि गुडघा धरून तिथंच थांबली. टपरीवाला मागं सरला. "चावंल ती," तो म्हणाला.

विशाखा नाल्याच्या कडेला उभी होती. तिनं ओढणी काढून हाताला गुंडाळली, परत सोडली. "आई," ती म्हणाली, "मी गेले तर ती काय करेल?"

"गुरगुरंल. तू बोलत ऱ्हा. काय बी बोल, पर थांबू नको."

विशाखा उतरली. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा ती सकाळी काय स्वयंपाक केला ते सांगायला लागली. मेथीची भाजी, वरण, तनुजाच्या डब्यात बटाटा. झिपरी गुरगुरली. विशाखाचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. तिनं ओढणी झिपरीच्या अंगावर टाकली, खाली हात घातले आणि तिला उचललं. ती वाटली होती त्याहून हलकी होती. नुसती हाडं आणि केस. वर येईपर्यंत विशाखाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि झिपरीनं आपलं तोंड तिच्या कोपरात खुपसलं होतं.

स्कूटीवर पाय ठेवायच्या जागेत झिपरीला बसवलं. विशाखानं विचारलं, "कुठं न्यायचं?"

बानाबाईनं झिपरीचा सोललेला पंजा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "इतकी चालली बिचारी. एकदा भेटवून आणू."

सोनाजीचा कळप तिथून फार लांब नव्हता. झिपरीला खाली ठेवलं तशी मेंढरं बाजूला झाली, तरणी कुत्री शेपट्या हलवत भोवती जमली. सोनाजीची बायको दूध घेऊन धावली. विशाखानं हे ठिकाण कधी पाहिलंच नव्हतं. आपल्या सोफ्यावर बसलेल्या गोण्या आता एका बाभळीखाली होत्या. ताडपत्रीच्या आडोशाला एक तान्हं लेकरू कानटोपीत झोपलं होतं, त्याच्या शेजारी दोन दिवसांचं कोकरू. आणि तिची सासू, जी घरात विचारल्याशिवाय पंखाही लावत नसे, ती इथं मोठ्या आवाजात सगळ्यांना कामं सांगत होती, या मेंढीचा खूर बघ, त्या पोराला उन्हात घे. सगळे तिचं ऐकत होते. विशाखा चुलीपाशी बसून चहा पीत ते बघत राहिली.

उन्हं वर आली तसा कळप चरायला निघाला. झिपरी उठली. पाच-सहा पावलं गेली आणि बसली. मेंढरं टेकाडापलीकडं गेली, घुंगरांचा आवाज विरला, तरी ती बघत होती. बानाबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसली. तिच्या केसांतली कुसळं काढत राहिली. मग बानाबाई म्हणाली, "चल बाई. आता आपलं तिकडं हाय."

झिपरी आपणहून काही उठली नाही. तिला उचलूनच आणावं लागलं. विशाखानंच उचललं.

घरी आल्यावर अंगणातली गादी विशाखानं आत आणली आणि सोफ्याशेजारी टाकली. संध्याकाळी हनुमान कामावरून आला, दारात थबकला, आईकडं बघून हळूच म्हणाला, "माय, हिनं केलं हे?" बानाबाई फक्त हसली. दुसऱ्या दिवशी विशाखानं पंजांना लावायला मलम आणलं, आणि उस्मानपुऱ्याला जाऊन ते म्हाताऱ्या कुत्र्यांचं खाणंही. त्यात ती भाकरीचा चुरा आणि जरासं ताक घालून बघू लागली. झिपरी ते खाऊ लागली. रोज रात्रीची भांडी घासताना विशाखा तिला दिवसभराचा स्वयंपाक सांगायची. सवयच पडून गेली.

पौषात थंडी कडक पडली. पाण्याला हात लावता येईना. त्याच दिवसांत एका दुपारी सोनाजी आला. मुक्काम हलवायचा होता, कळप आता पुढं जाणार होता. झिपरी गादीवरून उठली, त्याच्या पायांत घोटाळली, त्याचे हात चाटले. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "अंगाला मांस धरलंय की," तो म्हणाला.

"हिचं सगळं तिच्याच हातात हाय," बानाबाई सुनेकडं बोट दाखवत म्हणाली.

सोनाजी निघाला तशी झिपरी लंगडत त्याच्या मागं निघाली. हनुमान तिला धरायला उठला. बानाबाईनं त्याला हातानं थांबवलं. सोनाजी गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनासा झाला. त्याच्या मागं फाटकाबाहेर पडलेली झिपरी गल्लीच्या मध्यावर उभी राहिली. नाक वर करून तिनं वारा हुंगला.

बानाबाईनं पदर तोंडाशी धरला होता. विशाखा अर्धवट लोटलेल्या फाटकापाशी गेली आणि तिनं ते सताड उघडलं. थोड्या वेळानं झिपरी वळली आणि भिंतीच्या कडेकडेनं, उन्हाच्या पट्ट्यातून, सावकाश घराकडं यायला लागली.