मागच्या बाकावरचा बल्ब

अकोल्यात मोर्णेकाठच्या एका चहाटपरीमागे बाक होता. अंधार पडला की आम्ही चार-पाच गे मित्र तिथे जमायचो. गावात आम्हाला दुसरी जागाच नव्हती. चहावाल्या म्हाताऱ्याच्या तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा असे, आणि आमच्यापुढे कप ठेवताना तो दुसरीकडेच बघे. त्याला काही कळत नाही, अशी आमची पक्की खात्री होती. बाकावरचा बल्ब मात्र कधीच लागत नसे. एकदा मीच त्याला नवा आणून दिला, तर तो त्याने मुकाट्याने डब्यात ठेवून दिला.

आता तिथे चकचकीत कॅफे होतोय. टपरी उचलायच्या दिवशी मी गेलो, तेव्हा म्हाताऱ्याने हात वर करून तोच जुना बल्ब जरासा पिळला. लख्ख उजेड पडला.

“खराब नोताच भाऊ. मीच रोज ढिला करून ठेवत होतो,” तो म्हणाला. “तुमचे बाबा दोनदा तुमाले पाहाले आलते. अंधार पाहून वापस गेले.”

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी मला कधी एका शब्दानेही विचारलं नव्हतं.