फऱ्यावरची गाठ आणि कणकुंबीची हवा

निपाणीच्या तंबाखू वखारीत ज्याच्या खांद्यावर गाठ नाही त्याला कुणी हमाल म्हणत नाही. पोती घासून घासून कातडं जाड होतं, मग मऊसर गोळा येतो आणि गडी तो मिशीसारखा मिरवतात. माझे शेजारी कृष्णातअण्णा तर दारात उघड्या अंगानंच बसायचे. त्यांच्या उजव्या फऱ्यावरची, म्हणजे खांद्याच्या पात्यावरची गाठ हमालांच्या टोळीत सगळ्यांत मोठी, म्हणून गाडीतलं पहिलं पोतं उचलायचा मान त्यांचा. गाठ वर्षागणिक वाढत होती आणि गल्ली कौतुक करत होती. आमच्या गल्लीला कौतुकाचा भारी सोस.

गेल्या वर्षी ही गाठ ठणकू लागली. ओझ्याखाली नव्हे, अंथरुणावर आडवं झाल्यावर. त्यांच्या बायकोनं, सोनुबाईंनी, हळदीचा लेप लावला. टोळीचा मुकादम भरमू म्हणाला, "चार दिस पोतं घेतलं न्हाईस, म्हणून दुखतंय. घे, बसंल." आणि अण्णांनी घेतलं! असा संताप आला मला, पण हमालाच्या खांद्याबद्दल माझ्यासारख्या शाळामास्तरचं कोण ऐकतो?

त्यांची लेक ज्योत्स्ना बेळगावात एका प्रयोगशाळेत गाठींच्या पेशींवर काम करते. सुट्टीला आली, तिनं सहज गाठ दाबली आणि तिचा चेहराच उतरला. गोळा हलत नव्हता. दगडासारखा हाडाला चिकटलेला होता. तपासणीत कळलं, कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा कर्करोग. डॉक्टर म्हणाले, हा औषधाला, किरणांना फारशी दाद देत नाही, फरा लगेच काढावा लागेल.

"औषधाला का दाद देत न्हाय?" ओसरीवर बसून अण्णांनी लेकीला विचारलं. मीही तिथंच होतो.

"आप्पा, कूर्चेत रक्तवाहिन्याच नसत्यात. तिथल्या पेशींना कमी हवेत जगायची सवयच असती. हवा कमी पडली की पेशीत एक प्रथिन टिकून ऱ्हातंय. ते पेशीला सांगतंय, मरू नको, हाय त्यात भागव, नव्या रक्तवाहिन्या वढून घे. गाठीला त्येच फावतंय."

"आन् हवा भरपूर असली तर?"

"तर ते प्रथिन मोडून जातंय. पण गाठीत कवा कवा हवा असूनबी मोडत न्हाय. तुमी ऑपरेशनच करून घ्या."

पण अण्णांनी आपल्याला हवं तेवढंच ऐकलं होतं. उभी हयात तंबाखूच्या धुरळ्यात गेलेली, त्यात हात लुळा पडायची भीती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पिशवी भरून ते बहिणीकडं, जयाबाईकडं, कणकुंबीला निघून गेले. "जंगलातली हवा लई चांगली. गाठीला हवा लागू दे," असा फोन आला. ज्योत्स्ना दोनदा आणायला गेली, रडली, भांडली. अण्णा जागचे हलले नाहीत.

पावसाळा सरल्यावर परतले तेव्हा गालांवर तकाकी होती. भूक लागत होती. सोनुबाईंना हायसं वाटलं, मला मात्र धडकी भरली, कारण गाठ मानेपर्यंत चढली होती आणि उजव्या हातानं त्यांना घास उचलता येत नव्हता. पुन्हा तपासणी झाली. अहवाल घेऊन ज्योत्स्ना संध्याकाळी घरी आली. म्हणाली, "आप्पा, ते फुफ्फुसात पोचलंय."

अण्णांचा चेहरा खुलला.

"फुफ्फुसात? मग बरंच झालं की गं! तितं तर हवाच हवा. आता मरतंय बघ त्ये."

त्यांनी छाती फुगवून लांब श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. सोनुबाईही आशेनं लेकीकडं बघू लागल्या. ज्योत्स्नानं अहवालाची घडी घातली आणि तो पिशवीत तळाशी सारला.